गरज मोजायची तर फडापर्यंत या: ऊसतोड कुटुंबांच्या सर्वेक्षणाबाबत खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बीड
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, बीड
गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ

विषय: ऊसतोड कुटुंबांच्या गरजांचे सर्वेक्षण कधी, कुठे आणि कसे व्हावे

महोदय / महोदया,

ऊसतोड कामगारांच्या सर्वेक्षणाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती कोयते? कारखान्याला तेवढे पुरते, कारण कोयत्यांवरून किती टन ऊस तुटेल याचा अंदाज बांधता येतो. महामंडळाचा निधीही टनामागे १० रुपये कारखान्यांकडून आणि तेवढेच शासनाकडून, असा टनावरच ठरला आहे. पण एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बांधावर गोधडीत झोपलेले मूल, गावात मागे राहिलेली सासू आणि तिच्या भरवशावर ठेवलेली आठवीतली मुलगी कोयत्यात मोजली जात नाहीत. सेवांची सगळ्यात जास्त निकड मात्र त्यांनाच असते. म्हणून पुढचे सर्वेक्षण कोयत्यांचे न करता घरांचे करावे, आणि माणसे ज्या वेळी जिथे असतात तिथे जाऊन करावे, अशी आमची मागणी आहे. ते कसे करता येईल, ते खाली मांडतो.

आधी वेळेबद्दल, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो. २०११ च्या जनगणनेची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. त्या दिवसांत शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी, केज इथले हजारो लोक सांगली-कोल्हापूरपासून बेळगावपर्यंतच्या फडांत, म्हणजे तोडीच्या उसाच्या शेतांत, होते. जनगणनेत माणूस त्या काळात जिथे सापडतो तिथे मोजला जातो, त्यामुळे फडात तो मोजला गेला असला तरी गावाच्या आकड्यात आला नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीखही १ मार्च २०२७ आहे, म्हणजे हेच पुन्हा होणार. गावाच्या लोकसंख्येवर आधारलेला अंगणवाडीचा, उपकेंद्राचा किंवा पाण्याचा कुठलाही हिशेब या तालुक्यांत त्यामुळे मुळातच लंगडा असतो. ग्रामसभांचेही तसेच आहे. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ मे या दिवशी ऊसतोड घरे गावात सापडतात. २६ जानेवारीच्या सभेत त्यांची जागा रिकामी असते आणि ठराव मात्र 'सर्वानुमते' होतो.

सर्वेक्षणाच्या तीन फेऱ्या लागतील. पहिली गावात, १ सप्टेंबरला सुरू करून दसऱ्याच्या बऱ्याच आधी संपवायची. तोवर उचल (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) घेऊन झालेली असते, कोण कोणत्या कारखान्याला जाणार हे ठरलेले असते आणि माणसे अजून घरी असतात. (महालक्ष्म्यांचे तीन दिवस सोडा, त्या दिवसांत कुठलीही बाई चाळीस मिनिटे बसून बोलणार नाही.) दुसरी फेरी डिसेंबर-जानेवारीत फडात. तिसरी गुढीपाडव्यानंतर पुन्हा गावात, त्याच घरांत. कारखान्यांचा पट्टा वेगवेगळ्या दिवशी पडतो (गाळप बंद होते), म्हणून या फेरीला महिनाभराची सवड ठेवा. पहिल्या आणि तिसऱ्या फेरीतला फरक म्हणजे त्या हंगामाने त्या घराचे काय केले याचा हिशेब. एकाच फेरीत तो मिळत नाही.

आता याद्या. मुकादमाच्या (टोळी जमवून नेणाऱ्या कंत्राटदाराच्या) एकट्या यादीवर विसंबू नका. तिच्यात उचल घेतलेल्या जोड्या असतात, माणसे नसतात. अर्धा कोयता म्हणून जाणारी एकटी बाई बहुधा भावाच्या नाही तर दिराच्या नावाखाली दडलेली असते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडची (पूर्वीचे ग्रामसेवक) ऊसतोड कामगारांच्या ओळखपत्रांची नोंदणी, शाळेतली स्थलांतरित मुलांची यादी, अंगणवाडीची यादी आणि आशाताईंचे रजिस्टर एकमेकांशी ताडून पाहा. एखाद्या गावात आशाताईंच्या यादीत ९० कुटुंबे आहेत, शाळेच्या यादीत ६०, आणि ४५ कुटुंबे दोन्हींत आहेत असे धरू. दोन्ही याद्या मिळून १०५ कुटुंबे झाली. ९० गुणिले ६० भागिले ४५ केले की अंदाज १२० चा येतो. म्हणजे १५ कुटुंबे कुठल्याच यादीत नाहीत. हा हिशेब दोन याद्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असे धरून चालतो. इथे तसे नसते. लहान मुले असलेली घरे दोन्ही याद्यांत येतात, म्हणून खरा आकडा १२० च्या वरच असणार. सुटलेली घरे साधारण कोणाची, हेही सांगता येते: नुकतेच लग्न झालेली जोडपी, मूल नसलेली जोडपी, साठी ओलांडूनही फडात जाणारे म्हातारा-म्हातारी, आणि एकट्या बाया. गावठाणापासून लांब असलेले तांडे आणि वस्त्या वेगळे घटक म्हणून नोंदवा. गावाच्या नावाखाली टाकले तर सर्वेक्षक गावठाणातूनच परत फिरतात.

किती घरे घ्यायची, यावर आमचा हिशेब असा. तालुक्याचे चित्र दहा टक्के इकडे-तिकडे इतक्या अचूकतेने हवे असेल तर साध्या नमुन्याला ९६ घरे पुरतात. एकाच गावातली घरे एकमेकांसारखी असतात, म्हणून ही संख्या दुप्पट करावी लागते: १९२. शंभरात पंधरा घरे बंद किंवा नकार देणारी निघतील असे धरले तर २२६. सोयीसाठी २३० म्हणू, म्हणजे २३ गावे-तांडे आणि प्रत्येकी १० घरे. जिथे ऊसतोड घरे जास्त, त्या गावाची निवड होण्याची शक्यताही त्या प्रमाणात जास्त ठेवा. अकरा तालुक्यांची मिळून २,५३० घरे झाली. एका सर्वेक्षकाच्या दिवसाला नीट केलेल्या मुलाखती पाचच होतात. पंधरा आणणाऱ्याने अर्ज कट्ट्यावर बसून भरले आहेत असे समजा. म्हणजे ५०६ मनुष्यदिवस, २२ जणांना २३ दिवस. फडातल्या फेरीत यातली एक तृतीयांश, सुमारे ८४० कुटुंबे, दिवसाला तीन या वेगाने: २८० दिवस. परतीची फेरी छोट्या प्रश्नावलीची, दिवसाला आठ घरे: साधारण ३१६. एकूण अकराशे मनुष्यदिवसांच्या आसपास, शिवाय पाच दिवसांचे प्रशिक्षण आणि दहा टक्के घरांची फेरतपासणी. तीन फेऱ्यांना पैसा नसेल तर तालुके कमी करा, फेऱ्या कमी करू नका.

एक इशारा मात्र आहे. २३० घरांत गरोदर बाया दहा-वीसच सापडतील, अपंग मुले त्याहून कमी. त्यांच्यावरून टक्केवारी काढून तालुक्याला लावणे चूक आहे. निवडलेल्या २३ गावांत गरोदर बाया, सहा वर्षांखालची मुले, अपंग आणि एकट्या बाया यांची नमुना न घेता पूर्ण मोजणी करा.

सर्वेक्षणाचा खरा कस प्रश्नावलीत लागतो. 'तुम्हाला शौचालय हवे का?' या प्रश्नाला शंभरातले शंभर लोक हो म्हणतील आणि हाती काही लागणार नाही. त्याऐवजी कालचा दिवस विचारा. काल पहाटे किती वाजता उठलात? बाहेर कुठे गेलात, सोबत कोण होते? पाण्याचे किती हंडे आणले, कुठून, किती खेपा झाल्या, ते पाणी शेतातल्या पाटाचे होते की नळाचे? मोळ्या वाहून गाडी किती वाजता भरली, कोपीवर (फडावरच्या झोपडीवर) परत किती वाजता आलात, स्वयंपाक कोणी केला? मागच्या पाळीत किती दिवस फडात गेलात, कपडा कुठे धुतला आणि कुठे वाळवला? कालची गोष्ट माणसाला नेमकी आठवते. 'साधारणपणे' विचारले की साधारण उत्तर मिळते.

असे विचारल्यावर गरजेचे नावच बदलते. फडावर लहान मुलांसाठी काय हवे, असे विचारले तर कागदावर 'अंगणवाडी' येते. पण अंगणवाडी उघडते सकाळी नऊ-दहाला आणि आई कोपीतून निघते पहाटे चारला. मधले पाच-सहा तास मूल बांधावर, पाचटाच्या ढिगाजवळ, ट्रॅक्टरच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असते. तिथली गरज पहाटे उघडणाऱ्या पाळणाघराची आहे, आणि ती पोषण आहाराच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. तेच हंगामी वसतिगृहाचे. 'गावात हंगामी वसतिगृह आहे का?' हा प्रश्न पुरेसा नाही. ते कोणत्या तारखेला सुरू झाले आणि आई-बापाची गाडी कोणत्या तारखेला निघाली, या दोन तारखा लिहून घ्या. मध्ये पंधरा दिवस गेले असतील तर मूल त्याच गाडीत चढले आहे, आणि वसतिगृहाची मंजूर संख्या नुसतीच कागदावर राहिली आहे.

मुलांचे मोजमाप तोंडी नको. सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाचे वजन, उंची आणि दंडाचा घेर सप्टेंबरात घ्या आणि त्याच मुलाचा एप्रिलमध्ये पुन्हा घ्या. घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ म्हणजे मध्यम. वजनकाटा रोज सकाळी ठरावीक वजन ठेवून तपासा, कारण खड्ड्याखुड्ड्यांतून मोटारसायकलवर फिरलेला काटा आठवड्याभरात खोटे बोलू लागतो. दंडाची पट्टी घट्ट ओढणारा आणि सैल धरणारा, अशा दोघांच्या नोंदीत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्यात मूल एका गटातून दुसऱ्यात जाते. म्हणून प्रशिक्षणात सगळ्यांना तीच दहा मुले दोनदा मोजायला लावा.

गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांबद्दल थोडे सविस्तर. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या वेळी बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्या बायांना आज काय हवे, हे त्यातून कळत नाही. पाळी जायच्या वयाआधी पिशवीबरोबर अंडाशयही काढले असेल तर शरीरात एकदम बदल होतात आणि हाडे लवकर ठिसूळ होतात; अंडाशय ठेवले असतील तर प्रकरण निराळे. पुष्कळ बायांना आपले नेमके काय काढले हे माहीत नसते, म्हणून विचारण्यापेक्षा डिस्चार्ज कार्ड आणि सोनोग्राफीचा कागद वाचा. कागद नसेल तर तसे नोंदवा. कागद न मिळणे ही नोंदसुद्धा उपयोगाची आहे. ऑपरेशनच्या वेळी वय किती होते, त्रास कोणता होता, दुसऱ्या डॉक्टरला दाखवले का, पैसे कुठून आले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'उचलीतून' असे आले तर ऑपरेशनाचा खर्च पुढच्या हंगामावर चढलेला आहे. मग आजची अंगदुखी, लघवीचा त्रास, मोळी उचलताना येणारी कळ, आणि त्यासाठी ती कुठे जाते, असे पुढे विचारत जा. हा भाग बाईनेच विचारावा, आणि ती त्या गावातली नसावी. आशाताईंनी दारापर्यंत सोबत यावे, ओळख करून द्यावी आणि निघावे. आशाताईंवर आमचा अविश्वास नाही, पण ज्या बाईशी रोज पाणवठ्यावर गाठ पडते तिला ही गोष्ट सांगणे जड जाते.

फडात मुलाखत घेण्याच्या अडचणी वेगळ्या आहेत. पत्ता नसतो. तोड आज एका शिवारात, चार दिवसांनी दुसऱ्या. कुठली टोळी कुठे आहे हे चिटबॉयला (तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) आणि कारखान्याच्या गट ऑफिसला माहीत असते, तेव्हा त्यांच्याकडून रोजचा तोडणी कार्यक्रम मिळेल असे पत्र साखर आयुक्तालयामार्फत आधीच निघायला हवे. तोड चालू असताना कोणाला थांबवू नका. अर्ध्या दिवसाचे काम बुडाले तर खाडा त्या जोडीच्या अंगावर पडतो, सर्वेक्षकाच्या नाही. संध्याकाळी सहा ते आठ, चूल पेटल्यावर, कोपीपाशी बसून वीस मिनिटांत आटपेल एवढेच प्रश्न फडासाठी ठेवा. मुकादम शेजारी येऊन बसणारच. त्याला हाकलू नका. दुसऱ्या सर्वेक्षकाने त्याला बाजूला घेऊन त्याची स्वतःची प्रश्नावली भरावी: टोळी किती जणांची, कारखान्याकडून पैसे कधी आले, कोण पळून गेले. त्यालाही सांगण्यासारखे बरेच असते, आणि तेवढ्या वेळात बाया बोलतात.

मुक्कामाच्या जिल्ह्याची जबाबदारी हा वेगळाच प्रश्न. गरोदर बाईचे माता-बाल संरक्षण कार्ड शिरूर कासारचे, आणि ती सातव्या महिन्यात कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातल्या फडात. तिथल्या आशाताईंच्या यादीत ती नाही, इथल्या यादीत ती 'बाहेरगावी'. म्हणून प्रत्येक कोपीपासून जवळचे उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी आणि रेशन दुकान यांचे अंतर किलोमीटरमध्ये नोंदवाच, पण सोबत हेही लिहा: शेवटचे तिथे कोण, कधी गेले आणि काय उत्तर मिळाले? सेवा आहे आणि मिळत नाही, ही गोष्ट नकाशावर दिसत नाही.

मागे राहिलेल्यांकडे नोव्हेंबर ते मार्च कोणीच फिरकत नाही, म्हणून फडातली फेरी चालू असतानाच गावातल्या म्हाताऱ्यांकडेही एक चक्कर हवी. रेशनचे पाहा. प्राधान्य कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते आणि 'एक देश, एक रेशनकार्ड'मुळे ते फडाजवळच्या दुकानातूनही उचलता येते, अगदी थोडे तिथे आणि उरलेले गावात असेही. कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात दर महिन्याला धान्य कोणी, कुठे, किती उचलले हे महिनावार विचारा. म्हातारीचा अंगठा यंत्रावर उमटत नाही आणि अंगठा उमटणारी माणसे दोनशे किलोमीटरवर, अशी घरे सापडतील. रक्तदाबाची गोळी कोण आणून देते, रात्री दुखले-खुपले तर फोन कोणाला, नातवंडांचा डबा कोण करते, हेही त्याच बैठकीत.

मुलींच्या लग्नाचा प्रश्न आई-बापांना थेट विचारू नका. उत्तर खोटे मिळेल आणि पुढचे दारही बंद होईल. एकट्या पोरापेक्षा जोडीला उचल जास्त, म्हणून कोयता पुरा करण्यासाठी लग्न लवकर उरकले जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेच्या पटावरून सातवी ते दहावीच्या मुलींची जूनची यादी घ्या आणि पुढच्या जूनच्या यादीशी ताडा. गळालेल्या प्रत्येक नावाचा वेगळा, शांतपणे शोध घ्या.

आणि हे सगळे विचारताना समोर जे सापडेल त्याचे काय करायचे, ते पहिल्या दिवसाआधी ठरलेले असावे. तीव्र कुपोषित मूल दिसले तर त्याच दिवशी कोणाला कळवायचे? अल्पवयीन लग्न ठरलेले कळले तर १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीवर फोन कोण करणार, सर्वेक्षक की पर्यवेक्षक? उचल वर्षानुवर्षे फिटत नाही आणि कुटुंबाला फड सोडू देत नाहीत असे आढळले, तर १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली ते प्रकरण थेट जिल्हाधिकाऱ्यांपुढे यायला हवे. प्रत्येक सर्वेक्षकाच्या खिशात एक कार्ड हवे: कोणती गोष्ट, कोणाचा नंबर, किती तासांत. तोंडी सूचना फडात कोणाला आठवत नाहीत.

आधार क्रमांक आणि बँक पासबुक मागू नका. मागितले की 'योजना आली' अशी बातमी गावभर होते आणि पुढची सगळी उत्तरे पैशाच्या आशेने बदलतात. नावांचा कागद वेगळा, उत्तरांचा वेगळा, दोन्हींना जोडणारा क्रमांक तालुका कार्यालयात कुलपात. पिशवीच्या ऑपरेशनची नावानिशी यादी व्हॉट्सॲपवर फिरली तर त्या गावात पुन्हा कोणी खरे सांगणार नाही. तिसऱ्या फेरीत घर सापडावे म्हणून दोन फोन नंबर घ्या: एक त्यांचा, एक गावात राहणाऱ्या कोणाचा. हंगामात सिमकार्डे बदलतात.

कार्यालयात नेहमी ऐकू येणारे एक वाक्य आहे: 'तशी मागणीच नाही.' अर्ज आले नाहीत म्हणून गरज नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. ब्रिटिश समाजधोरण-अभ्यासक जोनाथन ब्रॅडशॉ यांनी १९७२ मध्ये गरजेचे चार प्रकार मांडले: तज्ज्ञांनी ठरवलेली, लोकांना वाटणारी, लोकांनी मागितलेली आणि दुसऱ्यांशी तुलना करून दिसणारी. आपल्याकडे बहुतेक नियोजन तिसऱ्यावरच चालते, आणि सहा महिने गावाबाहेर असणारा माणूस अर्ज करण्यात नेहमीच मागे पडतो. अहवालात चारही रकाने वेगळे ठेवा आणि ते जिथे जुळत नाहीत तिथे लाल खूण करा.

शेवटी प्राधान्यक्रम. तिसरी फेरी संपली की निवडलेल्या गावांत बाया, म्हातारे आणि मुले यांच्या वेगवेगळ्या बैठका घ्या. निघालेल्या गरजांची चित्रे जमिनीवर मांडा, प्रत्येकाला दहा चिंचोके द्या आणि हवे तिथे ठेवायला सांगा. हात वर करायला लावले की सगळे सरपंचाच्या हाताकडे पाहतात. चिंचोके मोजून झाले की बैठकीला कोण आले नाही हेही लिहा, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी दहा चिंचोके घेऊन जा. गावाचे निष्कर्ष मराठीत, दोन पानांत, नावांशिवाय, १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. त्या दिवशी ही माणसे गावात असतात. चुकलेले तिथेच दुरुस्त होईल, आणि १५ ऑगस्टच्या सभेत कोणत्या गरजेला किती पैसे मंजूर झाले हे त्याच माणसांना सांगता येईल, नव्या हंगामाच्या गाड्या निघण्याआधी.

प्रश्नावलीचा मसुदा, प्रशिक्षणाचे पाच दिवसांचे वेळापत्रक आणि खिशातल्या कार्डाचा नमुना आम्ही द्यायला तयार आहोत. सप्टेंबरची फेरी व्हायची असेल तर सर्वेक्षकांची निवड जुलैअखेर झालेली हवी.

आपले,
ऊसतोड कुटुंबांसोबत काम करणारे सर्वेक्षक, आरोग्य कार्यकर्त्या आणि शिक्षक